संततिनियमनाची जबाबदारी आणि तिची वाटणी

संततिनियमनासंबंधी बोलताना ‘जबाबदारी’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो व ते अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळशी चर्चा निष्फळ ठरते. शरीरसंबंधातून गर्भधारणा किंवा संसर्ग संभवतो. तो जोडीदारावर इच्छेविरुद्ध लादू नये, ही व्यक्तीची जबाबदारी होय. माहिती, साधने व निर्धोक वैद्यकीय सेवा उपलब्ध करून देणे ही समाजाची. परंतु समाज याखेरीज आणखी एक मागणी करीत असतो: लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी व्यक्तीने आपले शरीर स्वाधीन करावे. ही मागणीही ‘सामाजिक जबाबदारी’ याच नावाने वावरते. भारतात ती कोणाच्या वाट्यास आली, हे पाहण्याजोगे आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, त्या वेळी राष्ट्राच्या लोकसंख्येचा हिशेब हा त्यांच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार नव्हता. मूल हवे की नको हे स्त्रीला ठरविता आले पाहिजे, आणि गुप्तरोगांविषयी मौन पाळणे हीच खरी अनीती होय, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मात्र १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत निघत राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी तयार केलेल्या भाषणात राष्ट्रहिताचा विचार होताच, पण नको असलेली गर्भधारणा टाळण्याची मोकळीक स्त्रीला असावी, हा मुद्दाही स्पष्टपणे होता. ठराव फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ पासून, सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. यात विषयाला प्रतिष्ठा लाभली, परंतु त्याचे केंद्र सरकले. व्यक्तीच्या गरजेऐवजी जन्मदर मोजला जाऊ लागला. तरी एक गोष्ट आज विसरली गेली आहे. पहिल्या दोन-अडीच दशकांत शस्त्रक्रियेचा मोठा वाटा पुरुषांनी उचलला होता. १९७१ च्या जुलैमध्ये केरळातील एर्नाकुलम येथील एकाच शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. ‘निरोध’ १९६८ साली बाजारात आला, तोही पुरुषाचेच साधन म्हणून.

हे चित्र पालटले ते सक्तीमुळे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९७७ च्या निवडणुकीनंतर पुरुष-नसबंदी हा राजकीयदृष्ट्या अस्पृश्य विषय बनला. उद्दिष्टे मात्र तशीच राहिली, आणि ती पुरी करण्यासाठी यंत्रणा ज्यांच्याकडून विरोधाची भीती कमी होती त्यांच्याकडे, म्हणजे स्त्रियांकडे, वळली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली आढळली; पतीची शस्त्रक्रिया झालेल्या केवळ ०.३ टक्के होत्या. महाराष्ट्रात स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे.

ही वाटणी वैद्यकशास्त्राने केलेली नव्हे. शास्त्राचा कौल उलट आहे. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचण्यासाठी उदरपोकळी उघडावी लागते. पुरुषाच्या वीर्यवाहिन्या त्वचेखालीच असतात. १९७४ मध्ये चीनमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत तर केवळ एक बारीक छिद्र पुरते. अशक्तपणा येतो ही समजूत निराधार आहे, कारण पुरुषत्वाचा अंतःस्राव या नलिकांतून न वाहता थेट रक्तात मिसळतो. काळजी घ्यावयाची ती दुसरीच: शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिने नलिकांत शुक्रजंतू शिल्लक राहतात. वीर्यतपासणीने खात्री होईपर्यंत अन्य साधन वापरलेच पाहिजे. ही सूचना नीट दिली न गेल्यास गर्भधारणेचा ठपका बहुधा शस्त्रक्रियेवर नव्हे, पत्नीच्या चारित्र्यावर ठेवला जातो.

शिबिरपद्धतीची किंमतही स्त्रियांनीच मोजली. २०१२ च्या जानेवारीत बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका दिवसात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांच्या आत शिबिरे बंद करण्यास सांगितले, ते या पार्श्वभूमीवर.

शस्त्रक्रियेवर भिस्त ठेवण्यात आणखी एक उणीव आहे. गर्भधारणा थांबली तरी संसर्ग थांबत नाही. एचआयव्ही, उपदंश व परमा यांचा धोका गर्भधारणेबरोबरच कमी करणारे मुख्य साधन निरोधच होय, परंतु त्याची परिणामकारकता रबरापेक्षा वर्तनावर अवलंबून असते. अमेरिकेतील आकडे असे: प्रत्येक वेळी बिनचूक वापर झाल्यास वर्षाकाठी शंभरांपैकी सुमारे दोन स्त्रियांना गर्भ राहतो, प्रत्यक्षातील वापरात सुमारे तेरा. या दोन आकड्यांमधील अंतरात कंटाळा, दारू, लाज आणि ‘आजच्या दिवस चालेल’ असे म्हणणारा जोडीदार दडलेला आहे. व्यक्तीच्या जबाबदारीचे मोजमाप एरवी इतके उघड क्वचितच मिळते. मात्र संबंधास नकार देण्याचीच सोय नसलेल्या स्त्रीच्या पदरी हे अंतर टाकणे अन्यायाचे होईल. वरील पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोध हे स्त्रियांचे काम असून पुरुषाने त्याची चिंता करू नये, असे मत दिले होते.

साधन निकामी ठरल्यास पुढे काय, याबाबत कायदा हळूहळू बदलला आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात साधन निकामी ठरल्याचे कारण केवळ विवाहितेस उपलब्ध होते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आला व अविवाहितेसही ते खुले झाले. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. नसबंदीसाठीही शासकीय मानकांनुसार जोडीदाराची संमती लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी पतीच्या सहीवाचून काम अडते, आणि ही सही मागणाऱ्यांस कायदा ठाऊक नसतो असे मुळीच नव्हे.