मूत्रपिंडांची वाटणी करणारे यंत्र

दिवाळी आटोपली की शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. आणि उन्हातान्हात, अपुऱ्या पाण्यावर राबणाऱ्या या माणसांकडे पाहून ज्याला मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजुरांचा मूत्रपिंडविकार आठवतो, त्याला क्रिएटिनिनची रक्तचाचणी किती उशिरा जागी होते हेही आठवावे, कारण गाळणशक्ती निम्म्यावर येईपर्यंत तो आकडा पुष्कळदा निर्दोषच दिसतो. शिवाय तो सामायिक सातबाऱ्यासारखा : दोन भावांपैकी कसतो कोण आणि बसून खातो कोण, याची नोंद त्यात नाही.

दोन मूत्रपिंडांची ही वाटणी करून देणारे यंत्र शेवगावात नाही; संशोधनशाळांत ते उंदरांसाठी योजलेले असते. ज्या चुंबकीय अनुस्पंदनावर ते चालते, त्या विद्येत श्रीनिवास धर्मट्टी यांनी १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये आर्नल्ड व पॅकार्ड यांच्यासह अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजनच्या तीन निरनिराळ्या खुणा दाखविल्या, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिची प्रयोगशाळा उभारली.

सात टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाहून लाखपटीने प्रबळ अशा क्षेत्रात, बेशुद्ध केलेल्या उंदराच्या शेपटीच्या शिरेतून गॅडोलिनियमच्या संयुगाचा थेंबभर अंश सोडतात. ते केशिकागुच्छांत गाळले जाते, पण पुन्हा शोषले जात नाही; जेथे पोहोचते तेथले चित्र उजळते. महाधमनी, मग मूत्रपिंडाचे बाह्यक, मग मध्यक, अशी ही उजळण क्षणाक्षणाला टिपून महाधमनीच्या आलेखाशी प्रत्येक मूत्रपिंडाचा आलेख ताडला, की डाव्या-उजव्या मूत्रपिंडाचा गाळणदर वेगवेगळा हाती येतो.

हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नाही. अवयव जेमतेम सेंटिमीटरभर, हृदयाचे ठोके मिनिटाला पाचशेच्या घरात, आणि प्रत्येक श्वासागणिक मूत्रपिंड जागा सोडते. मध्यकात द्रव्य फार साचले तर चित्र उजळण्याऐवजी काळवंडते. भूल देणारे औषधच मूत्रपिंडातील प्रवाह मंदावते, म्हणजे मोजणीच मोजावयाच्या वस्तूत ढवळाढवळ करते. तरीही, पूर्वी प्रत्येक टप्प्यावर काही जनावरे मारून पाहावे लागे, तेथे आता तोच उंदीर आठवड्यांच्या अंतराने स्वतःच्याच पूर्वस्थितीशी ताडता येतो, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो.

हे माणसांसाठीही वापरावे, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत गॅडोलिनियममुळे त्वचा व अवयव ताठर करणारा विकार उद्भवू शकतो, हे २००६ साली उघड झाले. ज्याला मोजणीची निकड अधिक, त्यालाच द्रव्याची भीती अधिक. रक्तातील पाण्यावरच चुंबकीय खूण करण्याच्या पद्धतीही निघाल्या आहेत, पण त्या रक्ताचा प्रवाह मोजतात, गाळण नव्हे.