बझर मुका होतो तेव्हा

काट्याच्या मल्टिमीटरचे प्रोब एकमेकांना टेकवले, काटा शून्यावर आला, पण कंटिन्युइटीचा बझर वाजलाच नाही, तर मीटर मोडीत काढायचा का? मुळीच नाही. बझर का मुका झाला याची साक्ष तो काटाच देतो. फक्त त्याला रेंज बदलून बदलून विचारावे लागते. साध्या मीटरमध्ये ओहमच्या खालच्या रेंज दोन पेन्सिल सेलच्या 3 व्होल्टवर चालतात आणि ×10के रेंजसाठी वेगळी 9 व्होल्टची बॅटरी असते. अनेक मॉडेलांत बझरही याच बॅटरीवर असतो. म्हणून ×10के वर काटा हललाच नाही, तर आधी ती बदलावी. सगळ्याच ओहम रेंज मेल्या असतील तर फ्यूज किंवा तुटलेली लीड. फक्त ×1 वर काटा शून्यापर्यंत पोहोचत नसेल तर सेल थकलेत, कारण या रेंजला शंभरहून अधिक मिलिअँपिअर लागू शकतात. ×10 ठीक आणि ×1 पूर्ण बिघडलेली, असे दिसले तर ओहमवर ठेवलेला मीटर कुणीतरी चालू सप्लायला लावून आतला रेझिस्टर जाळला असण्याची दाट शक्यता. या सगळ्यातून मीटर सुटला, तरच संशय नॉबच्या काळवंडलेल्या संपर्कांवर किंवा बझरच्या चकतीला डाग दिलेल्या बारीक तारेवर घ्यावा.

एवढी उलटतपासणी लागते, कारण बझरच्या मौनाचे दोन अर्थ निघतात: वायर तुटली आहे, किंवा बझरलाच वाजता येत नाही. रेल्वेला हा पेच दीडशे वर्षांपूर्वीच पडला होता. अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन याच्या पहिल्या सिग्नल-व्यवस्थेत गाडी आली की प्रवाह सुरू होऊन धोक्याची खूण दिसे. पण बॅटरी संपली तर सिग्नल ‘मार्ग मोकळा’ असेच दाखवत राही. 1872 च्या पेटंटमध्ये त्याने मांडणीच उलटी केली. रुळांतून प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि गाडीच्या चाकांनी तो शॉर्ट केला, की रिले पडून सिग्नल धोक्यावर जायचा. आता बॅटरी मेली किंवा तार तुटली, तरी गाडी थांबणारच! भारतीय रेल्वेची ट्रॅक सर्किटही याच तत्त्वावर चालतात. बझरची रचना मात्र अजून रॉबिन्सनच्या पहिल्या सिग्नलसारखीच आहे. म्हणून प्रत्येक तपासणीआधी प्रोब टेकवून तो वाजतो का, हे पाहणे टाळता येत नाही.

यावर वायरमन म्हणेल की बझर हवाच, कारण नजर वायरीवर ठेवून कानांनी निकाल कळतो. पन्नास वायरींच्या जुडग्यातून एक शोधताना हे अगदी खरे आहे. पण बझरला फक्त हो किंवा नाही एवढेच सांगता येते, आणि त्याची ‘हो’ची मर्यादा बऱ्याच मीटरांत काही ओहमपर्यंत, कधी त्याहूनही वर असते. 5 ओहमचा सैल जोडही तो खुशाल पास करू शकतो. त्याच जोडातून 2 अँपिअर वाहू लागले, तर 10 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि 20 वॅट उष्णता त्या एका बिंदूवर साठू लागते. सप्लाय बंद करून ×1 वर तपासले, तर काटा शून्याच्या अलीकडेच, 5 वर अडलेला स्पष्ट दिसतो.