न ओसरणारा आनंद

आनंद हा शब्द मराठी माणसाच्या कानाला परका नाही. पंढरीच्या वाटेवर, कीर्तनाच्या रंगात, सणासुदीच्या घरात तो सहज ओठांवर येतो. पण जो आनंद प्रसंगाबरोबर येतो तो प्रसंगाबरोबर जातोही. लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले, की तेच घर सुनेसुने वाटू लागते. म्हणून विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न नेहमी उभा राहतो. प्रसंग सरला तरी न सरणारा, दुःख दारात आले तरी घर सोडून न जाणारा, असा आनंद असतो काय? निरनिराळ्या धर्मांनी या प्रश्नाचा आपापल्या परीने विचार केला आहे. त्यांपैकी ख्रिस्ती जीवनाने दिलेले उत्तर कोणते, आणि ते मराठी मातीत कसे रुजले, हे आज पाहावयाचे आहे.

एखाद्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात नित्य वाचला जाणारा बायबलचा ग्रंथ उघडून पाहावा. आरंभीच्या पानावर बहुधा बंगळूरचे नाव आढळते. कारण तो प्रसिद्ध करणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे मुख्य कार्यालय त्या नगरातील महात्मा गांधी मार्गावर आहे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ज्या नगराशी मराठी माणसाचे नाते सतराव्या शतकात जडले, त्याच नगरातून हा ग्रंथ आज पुण्याच्या आणि अहिल्यानगरच्या घरांत येतो. त्यातील नव्या करारात 'फिलिप्पैकरांस पत्र' या नावाचे अवघ्या चार अध्यायांचे एक छोटे प्रकरण आहे. आपल्या शोधाचा आरंभ तेथूनच करणे सोयीचे होईल.

हे पत्र संत पौलाने बंदिवासातून लिहिले. आपणांस सोडतील की आपला प्राण घेतील, हे त्याला ठाऊक नव्हते. असे असूनही या पत्रात आनंदाचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. इतकेच नव्हे, तर आनंद करा, असे तो आपल्या मित्रांना आग्रहाने सांगतो.

येथे एक रास्त शंका उत्पन्न होते. आज्ञा केल्याने कोणाला आनंद होतो काय? शोकाकुल माणसाला 'आनंदी राहा' असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय? ही शंका केवळ तर्काची नाही. मूल गमावलेल्या एखाद्या आईला भाविक शेजारीण सांगते, "डोळ्यांत पाणी आणू नका, तुमचा विश्वास उणा दिसेल." अशा वेळी त्या बिचारीवर दोन ओझी पडतात. एक वियोगाचे, आणि दुसरे आपण पुरेशा श्रद्धावान नाही या अपराधी भावनेचे. धर्माने दुःखिताचे ओझे वाढविले, तर त्या धर्माचा उपयोग तो काय? म्हणून हा आनंद नेमका कोणत्या जातीचा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, बायबलने अश्रूंना मनाई केलेली नाही. मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू स्वतः रडला. वधस्तंभावरील मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचा जीव व्याकूळ झाला. स्तोत्रसंहितेत स्तुतीची गीते आहेत, तशीच विलापाचीही पुष्कळ आहेत. पौलानेही आपले दुःख कधी लपविले नाही. यावरून असे दिसते की, शोक हा या आनंदाचा शत्रू नव्हे. आपल्याला कोणी नाही, आपण टाकून दिलेले आहोत, ही भावना त्याची खरी शत्रू होय.

सुख आणि आनंद यांत आपण सामान्यतः फारसा भेद करीत नाही. पण येथे तो करावा लागतो. सुख परिस्थितीवर उभे असते, आणि हा आनंद नात्यावर. तापाने फणफणलेले मूल आईच्या मांडीवर येते, तेव्हा त्याचा ताप काही लगेच उतरत नाही. परंतु त्याच्या रडण्याचा सूर बदलतो. परमेश्वर आपला पिता आहे आणि ख्रिस्ताच्या ठायी त्याने आपणांस जवळ केले आहे, या खात्रीतून येणारा आनंद असाच असतो. ज्या ग्रीक भाषेत नवा करार लिहिला गेला, तीत आनंदासाठी 'खारा' आणि कृपेसाठी 'खारिस' असे शब्द आहेत, आणि ते एकाच कुळातले आहेत. आनंद ही कमाई नसून देणगी आहे, असेच जणू ते शब्द सुचवितात. पौलाने दुसऱ्या एका पत्रात आनंदाची गणना आत्म्याच्या फळांत केली आहे. फळ कोणी ओढून काढीत नाही. फांदीने वेलाशी जोडलेले राहावे, एवढेच तिचे काम. फळ आपोआप धरते. वेल आणि फांद्या यांचा हा दृष्टांत येशूने शिष्यांना दिला तो मरणाच्या आदल्या रात्री, आणि आपला आनंद त्यांच्या ठायी असावा ही इच्छाही त्याने त्याच वेळी बोलून दाखविली.

आता हे तत्त्व आपल्या माणसांच्या आयुष्यात कसे उतरले ते पाहू. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. मद्रास इलाख्यातील दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. 1882 मध्ये पतीही गेले, आणि कडेवर लहानगी मनोरमा उरली. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या मोकळेपणाने सांगतात की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. बुद्धीला समाधान लाभले, पण अंतःकरण रितेच होते. ते भरले त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. त्या निवेदनाच्या नावातच त्यांनी या लाभाला अक्षय ठेवा म्हटले आहे. हा ठेवा त्यांनी पेटीत बंद करून ठेवला नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, अनाथ मुली आणि विधवा यांना त्यांनी आणले. केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी त्यांनी हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही, आणि ते पुरे करूनच 1922 च्या एप्रिलमध्ये देह ठेवला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची वाट निराळी. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सद्गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्या स्वतःच्या विचाराने 1900 साली ख्रिस्ती झाल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, अशी टिळकांची भावना होती. म्हणून परदेशी चालींत अडखळणारी मराठी उपासना त्यांनी अभंगाच्या आणि पदांच्या वाटेवर आणली. आनंद मनात असला, तरी तो आपल्या भाषेत गाता आला पाहिजे. एरवी तो घरचा वाटत नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला, आणि 'देवाचा दरबार' या नावाने सर्वांसाठी मोकळा असा बंधुसंघ सुरू केला. मे 1919 मध्ये ते निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत ताटातूट आहे, चणचण आहे, नवराबायकोची भांडणेही आहेत. संतपणाचा आव कोठेही नाही. असे असूनही वाचक हे पुस्तक मिटतो तो प्रसन्न मनाने. स्वतःवर हसणारे हे मन दुःखाला नाकारीत नाही; त्याला बसायला पाट देते, पण घराची किल्ली देत नाही. चिरस्थायी आनंदाचे याहून सोपे उदाहरण मराठीत शोधून सापडणे कठीण.

या तिघांच्या चरित्रांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. तिघांनीही आनंदाचा पाठलाग केला नाही. ते ज्याच्या मागे गेले, त्याच्या संगतीत तो त्यांना लाभला. तिघांचाही आनंद एकट्याचा राहिला नाही. तो अनाथ मुलींच्या ताटात, मंडळीच्या भजनात, वाचकांच्या हास्यात वाटला गेला, आणि वाटल्याने उणा झाला नाही. पौलाच्या आज्ञेचा अर्थही येथे उलगडतो. चेहरा हसरा ठेवा, असे तो सांगत नाही. काळजी प्रार्थनेत बोलून दाखवावी, मिळालेल्याचे आभार मानावेत, चांगल्याचे चिंतन करावे, एकमेकांचा भार वाहावा, असे तो सुचवितो. ही फांदीने वेलाला धरून राहण्याची रोजची साधना होय. ती कोरड्या दिवशीही करता येते. फळाला ऋतू लागतो.

तेव्हा त्या शोकाकुल आईला काय सांगावे? बहुधा काहीच सांगू नये. तिच्याजवळ बसावे, तिला रडू द्यावे, तिच्या घरची चूल पेटवावी. लाजराच्या कबरेजवळ जो रडला, तो तिच्या अश्रूंना परका नाही, हे तिला शब्दांवाचून कळेल. आणि पुढे केव्हा तरी, एखाद्या पहाटे ओठांवर जुने भजन आपसूक आले, तर तिचे तिलाच उमगेल की दुःख अजून घरात आहे, पण घर त्याचे झालेले नाही.