बंद फाटकाच्या आंतलीं माणसें

साथीच्या दिवसांत फाटक बंद करणें सोपें असतें. तें कोणासाठीं, किती दिवस आणि कोणत्या रीतीनें बंद ठेवावें, हें ठरविणें कठीण. वृद्धाश्रमाच्या बाबतींत तर हा पेंच अधिकच अवघड होतो. आंत राहणाऱ्या वृद्धांस रोगापासून राखावयाचें म्हणून फाटक लावावें लागतें. परंतु ज्यांच्या भेटीच्या आशेवर त्यांचा आठवडा सरतो, तीं माणसेंहि त्याच फाटकाबाहेर राहतात. सन २०२० च्या कोविडच्या साथीनें हा पेंच मुंबईंतील अनेक घरांपुढें टाकला. पुढें अशी साथ आली तर तो पुन्हा पडणारच. म्हणून साथ नसतांनाच त्याचा विचार करून ठेवणें शहाणपणाचें.

खारदांडा हें समुद्रकांठचें कोळ्यांचें जुनें गांव. आज त्याच्या भोंवतीं उंच इमारती उठल्या आहेत. घरांत जागा थोडी आणि कमावतीं माणसें दिवसभर बाहेर. अशा घरांतील म्हातारीस अर्धांगाचा झटका आला किंवा स्मृतिभ्रंश जडला, म्हणजे घरच्यांचा नाइलाज होतो, आणि वसई, कर्जत किंवा बदलापूर यांच्या बाजूचा एखादा आश्रम शोधावा लागतो. रविवारीं आगगाडीनें जाऊन भेटून येणें, हा मग त्या घराचा नेम होऊन बसतो. मार्च २०२० मध्यें राज्यांत १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मुंबईची लोकल सर्वसामान्य उतारूंस १ फेब्रुवारी २०२१ रोजीं पुन्हा खुली झाली, आणि तीहि ठराविक वेळांपुरतीच. म्हणजे आश्रमानें फाटक उघडलें असतें, तरी तेथवर जाण्याची वाटच बंद होती.

ही बंदी निष्कारण होती, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांत कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहांत साथ शिरली, तेव्हां १८ मार्च २०२० पर्यंत त्या गृहाशीं संबंध असलेल्या १६७ जणांस बाधा झाल्याचें आढळलें. त्यांत १०१ रहिवासी, ५० सेवक आणि १६ भेटीस आलेलीं माणसें होतीं. त्या रहिवाशांपैकीं ३४ जण दगावले. लक्षणें दिसण्यापूर्वींच मनुष्य हा रोग दुसऱ्यास देऊं शकतो, हें या रोगाचें मोठें कपट होय. परंतु याच आंकड्यांत दुसराहि बोध आहे. बाधित सेवकांची संख्या भेटणारांच्या तिपटीहून अधिक होती. तेव्हां केवळ आप्तांस अडविल्यानें रोग अडतो असें नाहीं. सेवकांची तपासणी, मुखपट्टी आणि खोलींतील मोकळी हवा यांची काळजी तितकीच घ्यावी लागते.

भेट बंद झाली म्हणजे आणखी कांहीं हरवतें, याची साक्ष मुंबईच्या प्लेगनें पूर्वींच दिली आहे. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं तो रोग ओळखला. सक्तीनें इस्पितळांत नेलेल्या रोग्याचें आंत काय होतें, हें बाहेर कळेना. नाना प्रकारच्या वावड्या उठल्या, आणि ऑक्टोबरांत गिरणी कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढें निरनिराळ्या समाजांनीं स्वतःचीं प्लेग-इस्पितळें काढलीं. आपलीं माणसें जवळ असल्यामुळें तेथें जाण्यास लोक कमी भीत. आप्ताची भेट म्हणजे नुसती माया नव्हे. ती बाहेरची नजरहि असते. ती नजर नाहींशी झाली कीं, बाहेर संशय वाढतो आणि आंत हयगय वाढूं शकते.

हे दोन्ही बोध जमेस धरून नेदरलंडमध्यें एक मध्यम मार्ग काढण्यांत आला. मार्च २०२० मध्यें तेथील शुश्रूषागृहांत भेटी बंद झाल्या होत्या. ११ मेपासून २६ गृहांत, प्रत्येक रहिवाशाला एक ठरलेला मनुष्य, या नियमानें त्या सावधपणें सुरू झाल्या. प्रारंभींच्या त्या पाहणींत नव्या बाधेची नोंद झाली नाहीं. इंग्लंडांत तर ६ एप्रिल २०२४ पासून, अपवादात्मक कारण नसेल तर भेट होऊं देणें, हें शुश्रूषागृहांचें कायदेशीर कर्तव्य ठरलें आहे.

फाटक खरोखरच बंद असेल, तेव्हां घरच्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट म्हणजे दूरध्वनीची वेळ नेमून घ्यावी व ती चुकवूं नये. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला टाळेबंदीचें कारण सांगून स्मरत नाहीं. मुलें येत नाहींत, एवढेंच त्याच्या मनांत राहतें. त्याला रोज तेंच कारण, तितक्याच शांतपणें, पुन्हा सांगावें. ऐकूं कमी येत असेल तर ठळक अक्षरांत लिहिलेलें पत्र सेवकाकडून वाचवून घ्यावें. संभाषणांत रोगाची चर्चा नको. बाजारांत बोंबील आले कीं नाहीं, नारळी पौर्णिमेला होड्या कशा सजल्या, धाकटीचें लिहिणें कुठवर आलें, हें सांगावें. घरांतील जुनी गोधडी धुऊन पाठवावी. ओळखीच्या स्पर्शाला शब्द लागत नाहींत.

दुसरी गोष्ट, बाहेरची नजर दुरूनहि राखावी. “कशी आहे?” या प्रश्नाचें उत्तर “बरी आहे” एवढेंच येतें. त्यापेक्षां आज काय खाल्लें, झोंप लागली का, वजन किती, पाठीला व्रण पडले का, असे नेमके प्रश्न विचारावे, आणि उत्तरें वहींत टिपून ठेवावीं. मात्र सेविकेला गुन्हेगार समजून विचारूं नये. टाळेबंदींत कित्येक सेविका आपलीं मुलें घरीं ठेवून आश्रमांतच मुक्कामास राहिल्या होत्या.

तिसरी गोष्ट आश्रमांत प्रवेश घेतांनाच करावी. साथींत भेटींचा नियम काय, घरचा एक मनुष्य सेवेकरी म्हणून आंत घेतला जाईल का, आणि अखेरचा समय आला तर कोणास बोलावणार, हें लेखी मागावें. तक्रार ऐकली जात नसेल, तर ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो.

या तिसऱ्या गोष्टींतील शेवटच्या प्रश्नावर तडजोड करूं नये. बाकीच्या भेटी पुढें ढकलतां येतात, ही येत नाहीं. सर्व सावधगिरी घेऊन एका मनुष्याला शेवटच्या घटकेस आंत येऊं देणें, ही नियमांतील ढिलाई नसून नियमाचाच एक भाग असला पाहिजे. वृद्धाचा जीव राखण्यासाठीं फाटक लावावयाचें. परंतु तो जीव ज्या माणसांसाठीं आणि ज्या माणसांमुळें राहतो, त्यांची आठवण फाटक लावणाराला असली पाहिजे.