गोदामातली लाईट जाते तेव्हा : बॅटरी बॅकअप समजून घेऊया



सातवी-आठवीच्या विज्ञानात आपण विद्युतधारा आणि विद्युतघट शिकवतो. मुलं व्याख्या पाठ करतात, आकृती काढतात, गुणही मिळवतात. पण "याचा उपयोग कुठे होतो?" असं विचारलं की उत्तर येतं, "टॉर्चमध्ये." म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेऊया, मालाचं गोदाम. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आई-वडील, काका, मोठा भाऊ गोदामात काम करतात. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीकडे पाहा. एके काळी यंत्रमागांसाठी ओळखलं जाणारं हे गाव आज मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांसाठीही ओळखलं जातं. माणकोली, काल्हेर या भागात पत्र्याच्या मोठमोठ्या शेड रांगेने उभ्या दिसतात. तुम्ही घरी मागवलेली वस्तू कदाचित अशाच एखाद्या शेडमधून निघालेली असेल.

अशा गोदामात लाईट गेली तर काय होतं? आणि बॅटरी नेमकी कशासाठी ठेवतात?

गोदामात विजेवर काय काय चालतं?

पूर्वी गोदाम म्हटलं की वही, पेन आणि तराजू. माल आला की वहीत जमा, गेला की नावे. लाईट गेली तरी वही काही बंद पडत नसे.

आता प्रत्येक खोक्यावर बारकोड असतो. कामगाराच्या हातात छोटा स्कॅनर असतो. खोकं रॅकवर ठेवलं की तो बारकोड स्कॅन करतो. ती माहिती वाय-फायने मुख्य कॉम्प्युटरकडे जाते आणि "अमुक माल अमुक रॅकवर" अशी नोंद होते. माल बाहेर काढतानाही हेच. चलन छापायला प्रिंटर, गेटवर कॅमेरे, मोठ्या गोदामात खोकी वाहून नेणारे सरकते पट्टे, आणि औषधं किंवा खाद्यपदार्थ असतील तर थंड खोल्या. या सगळ्याला वीज लागते.

लाईट गेल्यावर नेमकं काय बिघडतं?

आपल्याला वाटतं, अंधार झाला, काम थांबलं, लाईट आली की पुन्हा सुरू. पण खरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

समजा, कामगाराने रॅकवरून ४० खोकी उतरवली, ट्रकजवळ नेली आणि नोंद पूर्ण व्हायच्या आतच लाईट गेली. माल प्रत्यक्षात ट्रकजवळ आहे, पण कॉम्प्युटरच्या मते तो अजून रॅकवरच आहे. लाईट आल्यावर दुसऱ्या कुणाला तीच ४० खोकी "शिल्लक" दिसतात आणि त्यांची ऑर्डर घेतली जाते. संध्याकाळी मोजदाद जुळत नाही. मग प्रश्न कुणाला विचारला जातो? ज्याच्या हातात स्कॅनर होता त्याला. चूक त्याची नसते, पण उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

औषधांच्या गोदामात हे आणखी नाजूक असतं. तिथे ज्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं, असा नियम असतो. कुठली बॅच कुठे आहे ही नोंदच विस्कटली तर तो नियम पाळता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसं. कुणी शिडीवर असतं, कुणी फोर्कलिफ्ट चालवत असतं. खिडक्या कमी असलेल्या शेडमध्ये अचानक काळोख झाला तर अपघाताला वेळ लागत नाही.

मोठा बिघाड होऊ शकतो का? १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. कळवा-पडघा भागातल्या ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरातली लाईट गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. काही भागांत वीज यायला कित्येक तास लागले. पडघा हे गाव भिवंडी तालुक्यातलंच! वीज ज्या भागातून जाते तिथेही ती जाऊ शकते, हे मुलांना सांगायला चांगलं उदाहरण आहे.

जनरेटर असताना बॅटरी कशाला?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर आहे, मधल्या वेळासाठी.

डिझेल जनरेटर स्वयंचलित असला तरी सुरू होऊन स्थिर वीज द्यायला साधारण १० ते ३० सेकंद घेतो. हाताने सुरू करायचा असेल तर काही मिनिटं. कॉम्प्युटर मात्र एक सेकंदही थांबत नाही. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते, म्हणजे तिचं एक आवर्तन एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पूर्ण होतं. कॉम्प्युटर साधारण एवढाच खंड सहन करतो. त्याहून जास्त झाला की बंद.

हा खंड भरून काढणारं यंत्र म्हणजे यूपीएस. याचे मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवा.

* ऑफलाईन यूपीएस : लाईट असताना वीज सरळ उपकरणाला जाते आणि बाजूने बॅटरी चार्ज होते. लाईट गेली की यूपीएस झटकन बॅटरीवर वळतो. या बदलाला अगदी थोडा वेळ लागतो, पण कॉम्प्युटरला तो चालतो. घरचा इन्व्हर्टरही याच तत्त्वावर चालतो.
* ऑनलाईन यूपीएस : इथे वीज सतत आधी डीसी होते आणि मग पुन्हा एसी होऊन उपकरणाकडे जाते. बॅटरी मध्ये कायम जोडलेली असते, त्यामुळे बदलाचा क्षणच येत नाही. महाग असतो, पण मुख्य सर्व्हरला हाच योग्य.

सगळं बॅटरीवर चालवायचं नसतं

इथे बहुतेकांची गल्लत होते. "एवढी मोठी बॅटरी घेऊ की सगळं चालेल" हा विचार खर्चिकही आहे आणि चुकीचाही. म्हणून आधी तीन याद्या करायच्या.

१. क्षणभरही थांबायला नको : मुख्य कॉम्प्युटर, नेटवर्कची पेटी, वाय-फाय, बाहेर जाण्याच्या मार्गावरचे दिवे, आग लागल्याची सूचना देणारी यंत्रणा. याला बॅटरी हवीच.

२. काही मिनिटं थांबलं तर चालेल : शेडमधले बाकीचे दिवे, सरकते पट्टे, थंड खोलीची यंत्रं. हे जनरेटरवर.

३. लाईट येईपर्यंत थांबू शकतं : पंखे, एसी, पाणी तापवायचं यंत्र.

दुसऱ्या यादीतल्या मोटारी यूपीएसवर का टाकत नाहीत? कारण मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त, बऱ्याचदा पाच-सहा पट, विद्युतधारा ओढते. छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो.

थंड खोलीची गंमत पाहा. तिथे वीज साठवण्यापेक्षा थंडावा टिकवणं सोपं पडतं. जाड भिंती, दारं घट्ट बंद, की बराच वेळ तापमान टिकतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा फ्रिज असतो. त्याच्या आतल्या बाजूने बर्फाचं अस्तर असतं. लाईट गेली तरी हा बर्फ लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये काही तास सांभाळतो. मुलांना विचारा, "बर्फ ही पण एक प्रकारची बॅटरीच झाली ना?" चर्चा छान रंगते.

आता हिशोब करूया

हा भाग गणिताच्या तासालाही घेता येईल. एका छोट्या गोदामाच्या ऑफिसची पहिली यादी घेऊ.

* ४ कॉम्प्युटर, प्रत्येकी १०० वॅट = ४०० वॅट
* वाय-फायची ६ यंत्रं, प्रत्येकी १० वॅट = ६० वॅट
* नेटवर्कची पेटी आणि राऊटर = ३० वॅट
* लेबल छापायचे २ प्रिंटर, प्रत्येकी ३० वॅट = ६० वॅट
* कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर = ५० वॅट

एकूण ६०० वॅट.

आता बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी घेऊ. १२ × १५० = १८०० वॅट-तास. भागिले ६०० वॅट, म्हणजे ३ तास. कागदावर!

प्रत्यक्षात दोन गोष्टी वजा करायच्या. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणून ८० टक्केच वापरू. डीसीचं एसी करताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून त्यातले ८५ टक्के हाती येतात असं धरू. १८०० × ०.८० × ०.८५ = १२२४ वॅट-तास. भागिले ६००, म्हणजे जेमतेम २ तास. शिवाय बॅटरीवर लिहिलेले १५० अँपिअर-तास हे ती सावकाश, १०-२० तासांत वापरली तर मिळतात. घाईने ओढली तर कमी मिळतात. म्हणून दीड तास धरून चालणं शहाणपणाचं. बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी.

आणखी एक सूचना. यूपीएसवर ८०० व्हीए लिहिलं असेल तर तो ८०० वॅट देईलच असं नाही. वॅटचा आकडा बहुधा कमी असतो. खरेदी करताना वॅटच विचारा.

साखळीतली प्रत्येक कडी

स्कॅनरमध्ये स्वतःची बॅटरी असते. मग लाईट गेल्यावर स्कॅनर का अडतो? कारण तो चालू असला तरी बोलणार कुणाशी? छपराजवळ लावलेलं वाय-फाय यंत्र बंद, तर स्कॅनरचा निरोप पोहोचतच नाही.

पुष्कळ ठिकाणी या वाय-फाय यंत्रांना वीज नेटवर्कच्या वायरमधूनच मिळते. म्हणजे ऑफिसमधल्या नेटवर्कच्या पेटीला यूपीएस दिला की छपरावरची यंत्रंही चालू राहतात. पण शेडच्या दुसऱ्या टोकाला आणखी एखादी छोटी पेटी असेल आणि ती साध्या प्लगवर असेल, तर तेवढा भाग गप्प होतो. म्हणून स्कॅनरपासून सर्व्हरपर्यंतच्या रस्त्यावर चालत जायचं आणि प्रत्येक यंत्राचा प्लग कुठे आहे ते बघायचं. याला पैसे लागत नाहीत.

बॅटरीची निगा

शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. इतकी वर्षं झाली तरी ती टिकून आहे, कारण स्वस्त आणि भरवशाची आहे. पण तिला उष्णता सोसत नाही. साधारण नियम असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालची शेड किती तापते ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवायची.

हवेशीर का? चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो कोंडला तर स्फोटाचा धोका असतो. जवळ काडी पेटवायची नाही. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. आत सल्फ्युरिक आम्ल असतं, म्हणून मुलांना झाकणं उघडू द्यायची नाहीत. जुनी बॅटरी भंगारात कुठेही टाकायची नाही, विक्रेत्याकडे परत द्यायची. त्यासाठी २०२२ पासून देशात बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियमही आहेत.

लिथियम-आयन बॅटरी हलकी असते आणि जास्त वर्षं टिकते, पण सुरुवातीचा खर्च मोठा. १९९१ मध्ये ती बाजारात आली आणि तिच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मिळालेल्या वेळाचं काय करायचं?

सगळ्या चर्चेचं सार इथे आहे. बॅटरी गोदाम दिवसभर चालवत नाही, ती आपल्याला थोडा वेळ मिळवून देते. त्या वेळात काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर दीड तासही वाया जातो.

म्हणून भिंतीवर कागद लावलेला असावा. पहिल्या मिनिटात शिडीवरची माणसं खाली, फोर्कलिफ्ट उभी. मग हातातली नोंद पूर्ण करायची, नवीन सुरू करायची नाही. जनरेटर पाच मिनिटांत आला नाही तर सुपरवायझरला कळवायचं. बॅटरी संपायच्या आधी सर्व्हर रीतसर बंद करायचा. आणि महिन्यातून एकदा, कामाची गर्दी नसताना, मुद्दाम मेन स्विच बंद करून हे सगळं करून बघायचं. बॅटरीवरचा हिरवा दिवा "चार्ज झाली" एवढंच सांगतो. भार पेलेल की नाही ते भार टाकल्यावरच कळतं.

वर्गात करून पाहा

१. मुलांना घरातल्या पाच उपकरणांवरचे वॅटचे आकडे वहीत लिहून आणायला सांगा (मोठ्यांच्या मदतीने, प्लग काढून).

२. "लाईट गेली तर" या शीर्षकाखाली वरच्यासारख्या तीन याद्या करायला लावा. टीव्ही पहिल्या यादीत येतो का, यावर वाद होऊ द्या!

३. गणित : १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर १०० वॅटचा कॉम्प्युटर किती वेळ चालेल? (कागदावर ८४ ÷ १०० = ०.८४ तास, म्हणजे सुमारे ५० मिनिटं. वरच्या दोन्ही वजावटी केल्या तर सुमारे ३४ मिनिटं. एवढी छोटी बॅटरी इतक्या घाईने ओढली की हातात १५-२० मिनिटंच येतात, ती का, हे मुलांकडून काढून घ्या.)

४. ज्यांचे पालक गोदामात, दुकानात किंवा दवाखान्यात काम करतात त्यांना घरी एकच प्रश्न विचारायला सांगा : "लाईट गेली की तुमच्याकडे सगळ्यात आधी काय करतात?" मिळालेली उत्तरं दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा. आपल्या आई-वडिलांना पाठ्यपुस्तकातलं विज्ञान रोज हाताळावं लागतं, हे मुलांना त्यातून कळेल. आणि एखाद्या घरी उत्तर आलं की "काहीच ठरलेलं नाही", तर तो प्रश्न त्या कामाच्या ठिकाणापर्यंतही पोहोचेल.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी आणलेली उत्तरं जरूर कळवा.