दूध तुटल्यानंतरचे पंधरा दिवस

डहाणू-तलासरी पट्ट्यात पाऊस लागला की चार महिने जमीन सुकत नाही. रानशेतसारख्या गावात कोणी पाच-दहा डुकरे पाळत असेल, तर या दिवसांत सर्वाधिक जपावे लागते ते नुकतेच दूध तुटलेल्या पिल्लांना.

आईच्या दुधातले संरक्षण एका दिवसात बंद होते. पिल्लाच्या जठरात अजून पुरेसे आम्ल बनत नसते. आतड्यातील अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटेही या धक्क्याने आखूड होतात. न पचलेले खाद्य खाली उतरते आणि ई. कोलाय जिवाणू त्यावर फोफावतात. पाण्यासारखी हगवण लागते, डोळे खोल जातात, पिल्लू एक-दोन दिवसांत दगावूही शकते. थोड्या मोठ्या वयात लॉसोनिया हा जिवाणू आतड्याचे अस्तर जाड करतो. तेव्हा बऱ्याचदा डुक्कर मरत नाही, पण खाल्लेले अंगी लागत नाही. नुकसान कळते ते थेट वजनकाट्यावर.

हे जंतू धडधाकट दिसणाऱ्या डुकरांच्या पोटातही असतात. पारडे फिरते ते ओली जमीन, दाटी, वेगवेगळ्या वेतांची पिल्ले एकत्र कोंडणे आणि खाद्य एकदम बदलणे यांमुळे. हॉटेलातले खरकटे न उकळता घातले, तर साल्मोनेलाचीही भीती.

गोठा सुधारण्यापेक्षा औषध पाजणे सोपे वाटते, आणि खरी चिंता तिथेच आहे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक जगभर जनावरांच्या खाद्यात मिसळले जाई. तेच माणसाच्या अतिदक्षता विभागातले शेवटच्या फळीचे औषध. २०१५मध्ये चीनमधील डुकरांच्या ई. कोलायमध्ये त्याला दाद न देणारे एमसीआर-१ हे जनुक आढळले. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. भारताने जुलै २०१९मध्ये मांस-दुधासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली, ते योग्यच झाले.

मग करायचे काय? उंच, कोरडी जमीन, एका वेताची पिल्ले एकत्र, नवे खाद्य आठवडाभरात हळूहळू वाढवणे आणि आधीची डुकरे गेल्यावर गोठा धुऊन पूर्ण सुकवणे. भर पावसात तो सुकणार कसा, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर कॅलेंडरचा उपयोग होतो. डुकरीण साधारण ११४ दिवसांनी विते. जूनच्या सुरुवातीला फळली, तर सप्टेंबरअखेर पिल्ले होतात आणि सात आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या कोरड्या उन्हात, त्यांचे दूध तुटते.