चाकामागचं काळं प्लास्टिक

गाडी धुऊन झाली की आपण काचा बघतो, बॉनेटवर डाग राहिला का बघतो, जाता जाता आरशात टिकली जागेवर आहे ना तेही बघून घेतो. पण चाकाच्या वर, आतल्या बाजूला कमानीसारखं एक काळं प्लास्टिक असतं, त्याच्याकडे कधी वाकून बघितलंय? गॅरेजमध्ये त्याला 'फेंडर लायनर' म्हणतात, कुणी नुसतं 'लायनिंग' म्हणतं. नवं असताना काळंभोर. दहा-बारा वर्षांनी त्याला विझलेल्या कोळशाची कळा येते.

माझी गाडी १२ वर्षांची. छोटी, पांढरी, माझ्या पगारातून घेतलेली. 'आता ही काढून टाकू या' असा घरात सूर लागला आणि जुन्या गाड्या घेणारा एक एजंट येऊन गेला. त्यानं इंजिन सुरू करायच्या आधी वाकून चाकाच्या आत टॉर्च मारला. लायनर पांढुरके, एक फाटून लोंबणारं, दोन क्लिपा गायब. "ताई, गाडी आतून गेलीये," म्हणाला आणि १५ हजार रुपये खाली आला.

मला पैशांपेक्षा दुसरंच टोचलं. महिन्यातून एकदा मी एकटी चिपळूणला आईकडे जाते. उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. आईचं वय ७९. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, बँकेत न्यायचं, हे सगळं त्या दोन दिवसांत. "आपली मोठी गाडी आहेच की," हे म्हणाले. आहे ना! पण ती ह्यांच्या सवडीनं निघते. मेख कुठं आहे ते मैत्रिणींना सांगायला नको.

तेव्हा ठरवलं, गाडी खरंच गेलीये की नुसतं प्लास्टिक गेलंय ते आधी बघायचं. ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. "साहेब नाही आले?" हा नेहमीचा प्रश्न झाल्यावर त्यानं गाडी वर घेतली. पत्रा ठणठणीत, कुठं गंज नाही. म्हणजे लायनरनं आपलं काम चोख केलं होतं! त्याचं कामच ते. चाक फिरताना खडी, चिखल, पाणी वर उडवतं. ते सगळं हे प्लास्टिक अंगावर घेतं. बऱ्याच गाड्यांत पुढच्या लायनरमागे वायरी आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकी असते. ते फाटलं की चिखल थेट तिथं, आणि उंदरांनाही आयती वाट. लोंबणारा तुकडा टायरला घासू लागला, तर तो घाटात कधी चाकात ओढला जाईल याचा नेम नाही. त्यामुळे रंगाआधी पकड महत्त्वाची. लायनर जागेवर घट्ट बसलेलं नसेल, तर ते कितीही काळं केलं तरी उपयोग शून्य.

हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं. मागच्या बाजूला 'पीपी' अशी अक्षरं उठवलेली सापडतात. आपल्या स्वयंपाकघरातले कितीतरी डबे याच जातीचे. त्या डब्यावर लावलेलं लेबल कसं अलगद सुटून येतं आठवा. रंगाचंही तसंच होतं, नुसता फवारला की पापुद्र्यानं निघतो. आणि त्याचा काळा रंग म्हणजे चक्क काजळी, प्लास्टिकमध्येच मिसळलेली. ती उन्हापासून वाचवते. गॅलरीतल्या दोरीवरचे रंगीत चिमटे उन्हानं कसे कुडकुडीत होऊन तुटतात, ते आठवलं की काजळीची किंमत कळते. लायनर तर बहुतेक सावलीतच असतं. त्याचा पांढुरकेपणा निम्मा खड्यांच्या ओरखड्यांचा, निम्मा वाळलेल्या मातीचा आणि बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा. माझ्या गाडीवर वर कोकणातल्या तांबड्या मातीचा थर. ती माती किती चिवट, ते पावसात पांढरी सलवार घालून तिकडे गेलेल्या बाईला विचारा.

काम रविवारी सकाळी पार्किंगमध्ये काढलं. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकाला दगड. नट आधी सैल करायचे, मग जॅक लावायचा. जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही, काही झालं तरी नाही. चाक काढलं की लायनर पूर्ण दिसतं. क्लिपांच्या मधली खुंटी चपट्या स्क्रूड्रायव्हरनं हलकेच उचलली की क्लिप सुटते, बाकी दोन-चार स्क्रू. वॉचमनकाका खुर्ची घेऊन बसले होते. "मॅडम, गॅरेजमध्ये द्या ना," दर दहा मिनिटांनी.

खरा वेळ गेला धुण्यात. भांड्यांचा पातळ साबण, कोमट पाणी, कपड्यांचा ब्रश, तीन-तीन वेळा. डांबराच्या ठिपक्यांना फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसलं आणि लगेच साबणानं धुतलं. ते प्लास्टिकवर राहू द्यायचं नाही. शेवटी पाणी ओतून बघितलं. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब थेंब होऊन घरंगळलं तर अजून कुठंतरी तेलकटपणा आहे. गंमत म्हणजे एवढ्यावरच दोन लायनरपैकी एक पुष्कळसं काळं झालं. त्याला मी रंग लावलाच नाही.

दुसरं फाटलेलं होतं. चिरेच्या दोन्ही कडांना बारीक भोकं पाडून ते केबल टायनं शिवलं, गोधडीला टाके घालतो तसं. तुकडाच उडाला असता तर नाना पेठेत जाऊन नवं आणलं असतं. मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं हलकं घासून, पुसून, पूर्ण वाळवून आधी प्लास्टिकचा प्रायमर दिला. हा टप्पा टाळला की बाकी मेहनत पाण्यात. त्यावर मॅट काळ्या स्प्रेचे तीन पातळ हात, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. जाड एक हात द्यायचा मोह होतो, पण त्याचे ओघळ येतात. रंग अंगणात, गाडीपासून लांब मारला, तोंडाला मास्क. जिथं खडी सतत आपटते तिथला रंग वर्षा-दोन वर्षांत उडणार, हे धरूनच चालायचं. गाडीखाली मारतात तसलं रबरी कोटिंग तिथं जास्त टिकतं, पण ते दिसायला ओबडधोबड आणि पुन्हा काढायचं म्हटलं तर नको जीव होतो.

एक मात्र कळकळीनं सांगते. वॉशिंग सेंटरवर पोऱ्या शेवटी चाकाच्या आत चकाकीचा तेलकट स्प्रे मारतो ना, त्याला स्पष्ट 'नको' म्हणा. त्यावर धूळ दुप्पट बसते, ते ठीक आहे. पण तो फवारा ब्रेकच्या डिस्कवर गेला तर ब्रेक नीट लागत नाही. चकाकी हवीच असेल तर पाण्याच्या बेसचं ड्रेसिंग घ्या आणि ते फडक्यावर घेऊन, हातानं लावा.

सगळा खर्च हजाराच्या आत आला, क्लिपांचं पाकीट धरून. लेक वाकून बघून म्हणाली, "आई, हे कुणाला दिसणारे?" तिला म्हटलं, एजंटला दिसलं होतं. त्याचा फोन दोन दिवसांनी आलाच. १५ हजारांतले १० परत वाढवायला तयार होता, बघायला न येताच! गाडी विकायची नाहीये, असं मी सांगितलं. हे शेजारीच पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

मागच्या दोन चाकांचं राहिलंय. तिथली माती अजून चिपळूणचीच आहे. येत्या शनिवारी आईकडे जाऊन आले की मग काढेन ते काम, नाहीतर घाटातून येताना पुन्हा भरायचंच.